शकुनाला एक

“कुमे, पिस्तुलाला कुंकू कुठं लावायचं गं? तोंडाला का मुठीला?”

आईनं हे असं विचारलं, जसं काही ती रोज दोन-चार पिस्तुलं पुजते. मला हसूच फुटलं. खंडेनवमीची सकाळ होती. टेक्सासातल्या एका लहानशा गावात, माझ्या धाकट्या भावाच्या, रणधीरच्या हॉलमध्ये चौरंग मांडला होता. त्यावर त्याच्या बायकोच्या, मृदुलाच्या सुऱ्या-कात्र्या, रणूचा पाने-पकडींचा डबा, लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या आणि मधोमध पांढऱ्या नॅपकिनवर ते काळं पिस्तूल. आमच्या साताऱ्याकडच्या घरी त्या जागेवर तलवार असायची आणि तिच्या शेजारी आप्पांची बारा बोअरची बंदूक. आप्पा, म्हणजे आमचे वडील, सुभेदार होऊन रिटायर झालेले. वर्षभर ती बंदूक खुंटीला असायची, पण खंडेनवमीला तिचा थाट नवरदेवाचा.

“मुठीला लाव,” मी म्हटलं. “तोंडाशी कशाला जातेस?”

“आप्पा तर नळीलाच गंध लावायचे.”

“मग लाव नळीला. तुझा लेक, तुझं पिस्तूल.”

आईनं बोटभर कुंकू घेतलं आणि सढळ हातानं नळीवर, मुठीवर, जिथं जागा दिसेल तिथं लावलं. वर हळद. वर मूठभर अक्षता. तेवढ्यात फोल्कर कॉफीचा मग घेऊन आला आणि दारातच थबकला.

फोल्कर म्हणजे माझा नवरा. जर्मन. मी तिकडं नर्स म्हणून गेले, त्याच्या आईची शुश्रूषा केली आणि त्याच घरात सून होऊन राहिले. आमच्या गावात तेव्हा यावर काय काय बोललं गेलं ते जाऊ द्या. माणूस उंचापुरा, कमी बोलणारा, आणि स्वतः शिकारी. हे मुद्दाम सांगते, कारण रणूचा समज असा होता, की जर्मनीत राहणारा माणूस बंदूक बघून किंचाळत पळत सुटतो. फोल्करकडं दोन बंदुका होत्या, एक त्याच्या वडलांची. शनिवारी पहाटे तो रानात जायचा, वर्षाकाठी दोन रानडुकरं मारायचा आणि उरलेले शनिवार नुसता मचाणावर बसून पाखरं बघायचा. त्या बसण्यासारखं सुख त्याला दुसरं कशात नव्हतं.

“हे भरलेलं आहे?” त्यानं रणूला इंग्रजीत विचारलं.

“हो मग! रिकामं पिस्तूल काय कागद दाबून ठेवायला घेतलंय, दाजी?”

फोल्करनं मग खाली ठेवला. “मग मी या खोलीत बसणार नाही. आणि कुमुदही नाही. आम्ही हॉटेलात जातो.”

झालं! दोन दिवस जे धुमसत होतं ते आता भडकलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण हॉटेल हा शब्द तिला कळला. तिचं तोंड एवढंसं झालं. बाईनं सगळ्या आयुष्यात एवढंच मागितलं होतं, की मरायच्या आधी एक दसरा दोन्ही लेकरांच्या संगं, एका छपराखाली व्हावा. त्यासाठी ती गुडघे चोळत विमानात बसून आली होती. अमेरिका तिला अजिबात मानवली नव्हती. “न्हाई माणूस दिसत, न्हाई कुत्रं भुकत,” म्हणायची. दसरा झाला की ती गावी परतणार होती, तिकीटही काढून झालं होतं.

“जावईबापू काय म्हणत्यात?” तिनं विचारलं.

“काही नाही गं. जरा थांब,” मी म्हटलं.

आता रणूची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो तुम्हाला उगाच मिशीला पीळ देणारा वाटेल. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी त्याच्या घरात चोर शिरला होता. मृदुला एकटी होती. तिनं न्हाणीघरात कोंडून घेऊन फोन केला, आणि पोलीस येईपर्यंत ती बाहेरच्या पावलांचे आवाज ऐकत बसली. गाव लांबलचक पसरलेलं, गाडी यायला वेळ लागला. चोर काही न करता गेला, पण रणूच्या डोळ्यांवरची झोप घेऊन गेला. पुढच्याच आठवड्यात त्यानं ते पिस्तूल घेतलं आणि तेव्हापासून ते उशाच्या कपाटात असलं तरच त्याचा डोळा लागायचा.

“दाजी,” तो म्हणाला, “माझ्या बायकोला कोण वाचवणार होतं? तुमचं सरकार? इथं माझं घर मी राखायचं, हा माझा हक्क आहे. कुणाची परवानगी कशाला मागू?”

“मी मागितली,” फोल्कर म्हणाला. “परीक्षा दिली. बंदूक तिजोरीत असते. परवाना देणाऱ्या कचेरीतला माणूस कधीही दार वाजवून ती तिजोरी बघू शकतो. दर तीन वर्षांनी ते तपासतात, की मी अजून भरवशाचा आहे का.”

“अनोळखी माणूस घरात शिरून तुमची तिजोरी बघतो आणि तुम्हाला त्याची लाज नाही वाटत?”

“मला बरं वाटतं. कुणीतरी विचारतंय म्हणून.”

रणू हसला, पण ते हसू काही गोड नव्हतं. “म्हणजे तुमच्याकडं माणसानं आधी सिद्ध करायचं, की मी भरवशाचा आहे. आमच्याकडं उलट सिद्ध होईपर्यंत तो भरवशाचाच. फरक एवढाच आहे, दाजी.”

“हो,” फोल्कर म्हणाला, “आणि ते उलट सिद्ध कसं होतं?”

स्वयंपाकघरातून मृदुला पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सांगलीकडची पोर, बोलायला गोड आणि कंबरेखाली रुळणारी अशी जाड वेणी, की तिकडच्या बायका दुकानात हात लावून बघायच्या. ती म्हणाली, “अहो, आईंकडं बघा जरा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. दाजी, तुम्हीच रिकामं करा ते स्वतःच्या हातानं. मग तर बसाल?”

शहाणी पोर. फोल्करनं रणूकडं बघितलं, रणूनं खांदे उडवले. मग फोल्करनं ते कुंकवानं माखलेलं पिस्तूल उचललं, खालचं मॅगझीन काढलं, वरचा भाग मागं खेचून आतली गोळी बाहेर पाडली, आत डोळा लावून बघितलं आणि करंगळी घालून चाचपलंसुद्धा. मॅगझीन आणि ती सुटी गोळी रणूच्या तळहातावर ठेवली, आणि पिस्तूल परत नॅपकिनवर.

“रिकामं,” तो मराठीत म्हणाला. हा शब्द त्याला येत होता, कारण आमच्या घरी डबे रिकामे आहेत का ते मी त्यालाच बघायला लावायचे.

आईच्या कपाळाला आठी पडली. तिच्यासाठी रिकामं हा शब्दच वाईट. शेजारणीची वाटी परत करायची तर निदान साखर घालून, कुणाला आहेराचं पाकीट द्यायचं तर वर एक रुपया. अमेरिकेत आल्यावर पलीकडच्या गोऱ्या बाईनं केक दिला, तर तिच्या ताटलीत आईनं चार बदाम घालून पाठवली होती. ती बाई बिचारी ते बदाम परत द्यायला आली.

“देवापुढं रिकामं ठेवत्यात व्हय कुणी?” ती पुटपुटली.

“आई, आता तू सुरू होऊ नकोस,” मी म्हटलं, आणि फोल्करला हाताला धरून बाहेर काढलं. झेंडूची फुलं आणायची होती, आणि मुख्य म्हणजे त्याला तासभर रणूच्या नजरेआड न्यायचं होतं.

आम्ही फुलं घेऊन आलो तेव्हा घरात शांतता होती. आरती झाली, नैवेद्य झाला. जेवताना रणू स्वतः फोल्करच्या ताटात दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढायला उठला आणि आईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, निभावलं बाई एकदाचं.

दुपारी रणू उद्याच्या श्रीखंडासाठी चक्का आणायला गाडी घेऊन लांबच्या दुकानात गेला. आई आतल्या खोलीत पडली. मृदुला स्वयंपाकघरात कडाकण्या तळत होती, सबंध घरात तेलाचा आणि वेलदोड्याचा वास भरला होता. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून तोरण ओवत होते आणि फोल्कर कोचावर. त्याची नजर सारखी चौरंगाकडं जात होती.

“त्या नळीत तांदूळ गेलाय,” तो शेवटी म्हणाला. “हळद तर सगळ्या फटींत. हा मनुष्य ते तसंच कपाटात ठेवणार आणि एक दिवस ते त्याच्याच हातात फुटणार.”

“मग पूस की तू.”

“त्याला राग येईल.”

“अरे, उलट बरं वाटेल त्याला. दोन दिवस नुसतं टोचून बोललास, आता काहीतरी हातानं करून दाखव. पूजा झालीय, आता हात लावला तर चालतो.”

त्याला ते पटलं. माणसाला खरं तर तेवढंच हवं होतं. त्यानं वर्तमानपत्र पसरलं, कानातल्या कापसाच्या काड्या आणल्या, नाकावर चष्मा चढवला आणि पिस्तूल हातात घेतलं. खाली मॅगझीन नव्हतंच. मला सांगायलाही लागला, की या जातीचं पिस्तूल खोलायच्या आधी एकदा चाप दाबावा लागतो, नाहीतर वरचा भाग सुटत नाही. मग त्यानं ते माझ्यापासून लांब, समोरच्या भिंतीकडं धरलं.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. बंदुकीचा बार मी लहानपणापासून ऐकलाय, पण मोकळ्या रानात. बंद खोलीत तो कानाला ऐकू आलाच नाही, छातीत बसला. भिंतीला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. फोल्कर त्या भोकाकडं बघत बसला. आणि भिंतीपलीकडून झारा फरशीवर पडल्याचा आवाज आला.

त्या देशातल्या भिंती आतून पोकळ असतात हो. लाकडाचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी चुन्याचे पातळ पत्रे. आमच्या जर्मनीतल्या घराची भिंत हातभर जाडीची, दगडविटांची. फोल्कर सगळ्या आयुष्यात ‘भिंतीकडं धरा म्हणजे धोका नाही’ हेच शिकलेला.

मृदुला ओट्याच्या खाली बसली होती, पाठ टेकून. उजव्या खांद्याकडून साडी भिजत चालली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, “आक्का, गॅस बंद करा आधी, तेल पेटेल.”

मी नर्स आहे म्हणून माझे हात चालले, डोकं चाललं नाही. टॉवेल दाबून धरला. फोल्करनं फोन केला, पत्ता सांगितला, आणि मग तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून एकच वाक्य जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आई दारात आली. तिनं मृदुलाकडं बघितलं, फोल्करच्या हाताकडं बघितलं, आणि भिंतीला धरून खाली बसली. मला वाटलं, रक्त बघून बसली.

ॲम्ब्युलन्सपाठोपाठ शेरिफचा माणूस, म्हणजे तिथला पोलीस, आला. तरणाताठा, टोपी हातात घेऊन बोलणारा, अदबशीर. फोल्करनं त्याला सगळं सांगितलं. मी रिकामं केलं होतं, एक आत राहिली असणार, चाप मी दाबला, दोष माझा. आणि दोन्ही हात पुढं केले, बेड्या घाला म्हणून. तेवढ्यात रणू चक्क्याची पिशवी घेऊन आत आला. त्यानं ते शेवटचं वाक्य ऐकलं. तोंड उघडलं, परत मिटलं. पिशवी तशीच हातात.

“सर, हात खाली घ्या,” तो पोरगा म्हणाला. “असे अपघात होतात. देवाची कृपा समजा.”

“पण मला शिक्षा काय?”

“शिक्षा?” त्याला प्रश्नच कळला नाही.

चौकशी झाली, जबाब झाले, आणि कुणावरही काही ठेवलं गेलं नाही. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पिस्तूल परत आलं. एका पिशवीत, सहीवर. फोल्कर ते बघून उठून बाहेर अंगणात गेला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

मृदुला वाचली. खांद्याचा सांधा मात्र गेला. दोन ऑपरेशनं झाली, पण हात छातीच्या वर जाईना. जेवता येतं, लिहिता येतं, गाडीही चालवते. फक्त केस विंचरता येत नाहीत. काप म्हटलं, तर नाही म्हणाली.

आणि आईनं तिकीट रद्द केलं. “मी जात न्हाई. पोरीची येणी कोन घालंल?” रणूनं तिची कागदं केली, आणि जी बाई तिथं चार दिवस काढायला कंटाळायची, ती त्या कुत्रं न भुकणाऱ्या गावात सहा वर्षं राहिली. रोज सकाळी मृदुलाला पुढ्यात घेऊन वेणी घालायची. मी फोनवर म्हणायचे, आई, किती गं तुझी माया सुनेवर! ती म्हणायची, “व्हय.” मी हे सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले. खंडेनवमी मात्र त्या घरात परत झाली नाही.

इकडं फोल्कर परत आला आणि पहिल्या सोमवारी दोन्ही बंदुका गाडीत घालून कचेरीत गेला. मी बरोबर होते. टेबलापलीकडची बाई गोंधळली.

“तुमच्याविरुद्ध कुणी तक्रार केलीय?”

“नाही.”

“इथं काही घडलंय?”

“इथं नाही. परदेशात.”

“मग आम्हाला काही कळवलेलं नाही कुणी. तुम्ही कशाला परवाना परत करताय?”

“तुम्ही दर तीन वर्षांनी तपासता ना, हा माणूस भरवशाचा आहे का?” तो म्हणाला. “मी सांगतो. नाहीये.”

वडलांची बंदूक टेबलावर ठेवताना त्यानं तिचा पट्टा नीट गुंडाळून ठेवला. त्यानंतर तो रानात गेला नाही. शनिवारी पहाटे मात्र जाग यायची, मग स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहायचा. टेक्सासला तो परत कधी आला नाही. मृदुला भाऊबीजेला फोन करायची, म्हणायची, “दाजी, मी रागावले नाही हो.” तो म्हणायचा, “ठाऊक आहे,” आणि फोन मला द्यायचा. सहा वर्षं मी माझ्या नवऱ्याला आतून पोखरला जाताना बघितलं. मनात मीही त्यालाच दोष देत होते, खोटं कशाला बोलू? पुसून घे म्हणाले होते मी. पण एवढा शिकारी आणि एक गोळी दिसली नाही तुला? हे मी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण त्याला ते ऐकू येत असणारच.

आई झोपेतच गेली. मी एकटीच टेक्सासला गेले. दिवस झाले, माणसं पांगली. चौदाव्या दिवशी सकाळी मृदुला फणी घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. केस मोकळे, पार जमिनीपर्यंत.

“आक्का, वेणी घालाल?”

मी फणी घेतली. हॉलमध्येच बसलो होतो, त्याच भिंतीसमोर. भोक बुजवून रंग दिला होता, पण तो चौकोन जरा जास्त पांढरा दिसायचा. पलीकडं स्वयंपाकघरात रणू भांडी विसळत होता.

“आक्का, दाजी अजून रानात जात नाहीत?”

“नाही गं. बंदुकाच नाहीत आता.”

तिनं डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात सावरला. मग म्हणाली, “दाजींनी नीट रिकामं केलं होतं ते.”

माझा हात थांबला.

“तुम्ही दोघं फुलं आणायला गेला होता. मी ओट्यापाशी पीठ मळत होते. या भिंती कशा आहेत माहितेय ना तुम्हाला. आई म्हणाल्या, ‘रणू, रिकामं शस्त्र पुजू नये रं. एक तरी ठेव, शकुनाला.’ हे म्हणाले, ‘दाजी बघतील, परत तमाशा होईल.’ आई म्हणाल्या, ‘कशाला बघत्यात? ठेव की एक.’ मग तो खटका ऐकू आला.”

“आत घातली?”

“हो. आईंना पानावर ठेवायची होती. शेजारी, विड्याच्या पानावर. आप्पा ठेवायचे ना तसं काडतूस?”

आप्पा ठेवायचे. लहानपणी मी स्वतः ते पान धुऊन द्यायचे. बंदूक मध्यात उघडून, नळ्या रिकाम्या करून, शेजारी पानावर एक लाल काडतूस, त्याला कुंकवाचं बोट. आई ठेव म्हणाली होती, घाल म्हणाली नव्हती. आणि पानावर ठेवली तर फोल्करला दिसेल, म्हणून माझ्या शहाण्या भावानं ती अशा जागी ठेवली, की कुणाला दिसू नये. रात्री काढून घेणार असेल. चक्का आणून झाल्यावर.

“तू बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला. “सहा वर्षं, मृदुला! माझा माणूस जळत होता तिकडं!”

“दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होत्या,” ती म्हणाली. मान वळवली नाही, केस माझ्या हातात होते. “माझे केस सोडवत होत्या. रक्तानं चिकटले होते ना. एकेक बट घेऊन, ओल्या कापडानं. माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं, की मी ऐकलंय. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी परत फणी घेऊन आल्या. रोज यायला लागल्या. आक्का, त्या बाईला मी काय म्हणणार होते? आणि यांना काय म्हणणार होते? माझ्यासाठीच तर घेतलं होतं ते पिस्तूल. एकदा शब्द काढला असता, तर घरात कोण उरलं असतं? दाजी लांब होते. लांबच्या माणसावर टाकणं सोपं असतं. आता आई गेल्या. आता मला नाही झेपत.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण हातात तिची वेणी होती आणि तिचा उजवा हात मांडीवर तसाच पडला होता. कुणावर ओरडू?

भिंतीपलीकडचं पाणी केव्हाचं बंद झालं होतं. आम्हा दोघींच्या ते उशिरा लक्षात आलं. रणू दारात येऊन उभा राहिला. हातात फडकं, हातांना साबणाचा फेस, आणि तोंड असं, की मी त्याला लहानपणी विहिरीतून ओढून काढलं होतं तेव्हाही तसं नव्हतं.

“तुला माहीत होतं?” तो मृदुलाला म्हणाला.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हो.”

तो खाली बसला, आई बसली होती तसाच, भिंतीला धरून. मग म्हणाला, “आक्का, दाजींना फोन लाव.”

मी लावला. स्पीकरवर ठेवला. तिकडं दुपार होती. फोल्करचा आवाज आला, “कुमुद? जेवलीस?” हे तो नेहमी मराठीत विचारतो.

“दाजी, मी रणधीर.” त्यानं फोन जवळ ओढला. “दाजी, त्या दिवशी तुमची चूक नव्हती. तुम्ही रिकामं केलं होतं. नंतर एक मी घातली होती आत. आई म्हणाली शकुनाला ठेव, आणि मी तुमच्यापासून लपवून आत घातली. तुम्ही पोलिसाला सांगत होतात ते मी ऐकलं. मी तिथंच उभा होतो. बोललो नाही.”

फोनवर तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला ठाऊक होतं,” फोल्कर म्हणाला.

“काय?”

“मी रिकामं केलं होतं. करंगळी घालून बघितलं होतं. तीस वर्षं करतोय, चुकलो नव्हतो. म्हणजे नंतर कुणीतरी भरलं. घरात तुम्ही तिघंच होतात.”

“मग तुम्ही बोलला का नाही?” रणू जवळजवळ ओरडलाच. “सहा वर्षं! का घेतलंत अंगावर?”

“कुणी भरलं हा तुझा प्रश्न आहे, रणधीर. माझ्या हातात आल्यावर मी बघायला हवं होतं. दर वेळी बघायचं असतं, मघाशी स्वतः रिकामं केलं असलं तरी. वडलांनी मला एवढं एकच शिकवलं होतं. मी बघितलं नाही.”

“दाजी, शिवी तरी द्या हो मला. काहीतरी बोला.”

“मला मराठीत शिव्या येत नाहीत,” तो म्हणाला. ते तो गंमत म्हणून म्हणाला नव्हता. मग त्यानं विचारलं, “ते अजून घरात आहे?”

रणूनं मान खाली घातली. बायकोकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. उत्तर मृदुलानं दिलं.

“आहे, दाजी. उशाच्या कपाटात. ते नसलं की यांना झोप लागत नाही.”

“भरलेलं?”

ती रणूकडं बघत राहिली. रणू फडक्याला हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी.

“बघून ये,” फोल्कर हळूच म्हणाला. “मी थांबतो फोनवर.”

रणू उठला आणि आतल्या खोलीत गेला. मी मृदुलाचे केस परत हातात घेतले, तीन पेड केले आणि गुंफायला लागले. भिंतीपलीकडून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही ऐकत होतो.